हिंदी चित्रपटाचे छापील पोस्टर : आकारांच्या यादीपासून छापखान्यापर्यंत

हिंदी चित्रपटाच्या पोस्टरचे काम हाती आले की नवे डिझायनर बहुधा पहिल्याच दिवशी फोटोशॉप उघडतात, नायक-नायिकेचे चेहरे मांडू लागतात आणि त्याच आठवड्यात निर्मात्यापुढे चार-पाच ‘ऑप्शन’ ठेवतात. त्यातला एक पसंत पडतो आणि अडचणींना तिथूनच सुरुवात होते. श्रेयनामावली उशिरा येते, तेव्हा तिच्यासाठी खाली जागाच उरलेली नसते. होर्डिंगवाल्याला आडवे चित्र हवे असते, पण केलेल्या उभ्या चित्राला डावी-उजवी बाजूच नसते. सहकलाकाराच्या मॅनेजरचा फोन येतो की करारानुसार नाव दुसऱ्या क्रमांकावर हवे होते. शेवटी छापखाना कळवतो की हा आकार आमच्या यंत्रावर बसणार नाही. या सगळ्या अडचणी कामाचा क्रम चुकल्यामुळे येतात, म्हणून पुढील मजकुरात क्रमावरच भर दिला आहे. मुंबईत लहान किंवा मध्यम बजेटच्या हिंदी चित्रपटाचे छापील प्रसिद्धी-साहित्य करणारे डिझायनर आणि निर्मितीसंस्थेत हे काम सांभाळणारे सहायक यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. फोटोशॉप किंवा इनडिझाइन चालवता येते, असे गृहीत धरले आहे.

टप्पा १ : आकारांची यादी लेखी मिळवा

‘पोस्टर करायचे आहे’ या एका वाक्यावर काम सुरू करू नये. निर्माता, वितरक आणि जाहिरात एजन्सी यांच्याकडून काय-काय छापले जाणार आहे, कोणत्या आकारात आणि कुठे लागणार आहे, याची यादी ईमेलवर मागून घ्यावी. साधारणपणे त्या यादीत ३० × ४० इंचांचे मुख्य पोस्टर, २० × ३० इंचांचे लहान पोस्टर, चित्रपटगृहाच्या लॉबीतील ३ × ६ फुटांची स्टँडी (उभा राहणारा फलक), २० × १० किंवा ४० × २० फुटांची आडवी होर्डिंग आणि वृत्तपत्रांतील जाहिराती असतात. या आकारांची प्रमाणे एकमेकांशी जुळत नाहीत, हे इथेच लक्षात घ्यावे. मुख्य पोस्टर ३ : ४ आहे, लहान पोस्टर २ : ३, स्टँडी १ : २ आणि होर्डिंग २ : १. मुख्य पोस्टर नुसते लहान-मोठे करून यातले दुसरे काहीही तयार होत नाही.

यादी आल्यावर लगेच छापखान्याला फोन करावा. पुष्कळ छापखान्यांची चार-रंगी ऑफसेट यंत्रे ७२ × १०२ सेंटिमीटरची, म्हणजे सुमारे २८ × ४० इंचांची असतात. कागद पकडण्यासाठी लागणारी ग्रिपरची जागा आणि चारी बाजूंचे ब्लीड (कापाच्या रेषेबाहेर छापायचा जादा भाग) सोडल्यावर त्यावर ३० × ४० चे पोस्टर अखंड निघत नाही. अशा वेळी एक तर मोठ्या यंत्राचा छापखाना शोधावा लागतो किंवा आकार २७ इंच रुंदीच्या आसपास आणावा लागतो. हा निर्णय चित्र तयार झाल्यावर घेतला तर कडेची एखादी आकृती कापली जाते.

होर्डिंगच्या बाबतीत एजन्सीकडून प्रत्यक्ष दिसणारा आकार मागावा. चौकटीवर ताणण्यासाठी चारी बाजूंना लागणारे जादा कापड त्यात धरलेले आहे की नाही, हेही विचारावे. मे २०२४ मध्ये घाटकोपरला १२० × १२० फुटांचे होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. मुंबई महापालिकेची कमाल मर्यादा ४० × ४० फूट आहे. त्यामुळे एजन्सीने याहून मोठा आकार कळवला तर परवान्याची प्रत पाहिल्याशिवाय फाइल करायला घेऊ नये.

तपासणी : प्रत्येक आकारापुढे रुंदी आधी आणि उंची नंतर लिहिलेली आहे का? ‘२० × १०’ असा आकार एकाने आडवा आणि दुसऱ्याने उभा समजल्याचे प्रकार नेहमी घडतात.

टप्पा २ : चित्राआधी मजकूर गोठवा

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा लागतो आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी दिला जातो. पोस्टरवरच्या मजकुराचे चार भाग असतात. पहिला भाग म्हणजे वर येणारी कलाकारांची नावे, दुसरा शीर्षक आणि असल्यास उपशीर्षक किंवा घोषवाक्य, तिसरा खालची श्रेयपट्टी, आणि चौथा बोधचिन्हांची ओळ व प्रदर्शनाची तारीख. हे चारही भाग एकाच कागदावर, क्रमानिशी, निर्मात्याच्या सहीसह हातात हवेत.

कलाकारांच्या नावांचा क्रम ही अभिरुचीची बाब नसून कराराची बाब आहे. एखाद्या करारात नाव पहिल्या ओळीत हवे असे असते, एखाद्यात ते स्वतंत्र ओळीत हवे असते, तर एखाद्यात शीर्षकाच्या अक्षरांच्या उंचीच्या ठरावीक टक्के आकारात. ज्येष्ठ कलाकाराचे नाव शेवटी ‘आणि’ किंवा ‘विशेष भूमिकेत’ असे स्वतंत्र येत असेल, तर तोही कराराचाच भाग असू शकतो. डिझायनरने करार वाचायला मागू नये, कारण ते त्याचे काम नाही आणि कोणी देणारही नाही. मात्र ‘करारानुसार नावांचा क्रम, आकार व जागा’ असा एक तक्ता निर्मितीसंस्थेकडून अवश्य भरून घ्यावा. चेहऱ्यांचा क्रमही याच तक्त्यात मागावा. नावे एका क्रमाने आणि त्यांच्याखालचे चेहरे दुसऱ्याच क्रमाने आले की पाहणाऱ्याचा गोंधळ होतो आणि कलाकारांची नाराजीही ओढवते.

श्रेयपट्टीतून सर्वांत आधी गळते ते लेखकाचे नाव. ही तक्रार जुनी आहे. १९७३ मध्ये ‘जंजीर’च्या वेळी पटकथालेखक सलीम-जावेद यांनी रंगारी लावून मुंबईत चिकटवलेल्या पोस्टरांवर स्वतःची नावे रंगवून घेतली होती. आज तसे करण्याची वेळ कोणावर येऊ नये यासाठी कथा, पटकथा, संवाद, गीते, संगीत, छायांकन, संकलन, कला, नृत्य, ध्वनी, वेशभूषा, निर्मिती आणि दिग्दर्शन असे रकाने आधीच आखून तक्ता पाठवावा. रकाना रिकामा दिसला की समोरचा माणूस तो भरतो, पण रकानाच नसेल तर कोणाला काही आठवत नाही.

नावांची स्पेलिंगे व्हॉट्सअॅपवरच्या संदेशातून उचलू नयेत. पुष्कळ कलाकार आपल्या नावात एखादे जादा अक्षर लावतात किंवा आडनाव वगळतात. ज्याची त्याने लिहून दिलेली नोंद हीच ग्राह्य धरावी. शीर्षकाचे स्पेलिंग निर्मात्यांच्या संघटनेकडे नोंदवलेल्या शीर्षकाशी आणि प्रमाणपत्रासाठी केलेल्या अर्जाशी तंतोतंत जुळले पाहिजे.

इशारा : ‘आत्ता हे डमी नाव टाका, नंतर बदलू’ असे म्हणून घातलेला मजकूर छापून जाण्याची शक्यता फार मोठी असते. न ठरलेल्या जागी डमी नाव न घालता भडक गुलाबी चौकोन ठेवावा. तो कोणाच्याही नजरेतून सुटत नाही.

टप्पा ३ : काय दाखवता येत नाही, हे आधी ठरवा

हा टप्पा लहान आहे, पण तो चुकला तर पुढचे सर्व काम वाया जाते. तंबाखू नियंत्रण कायद्याखालील २०१२ च्या सुधारित नियमांनुसार चित्रपटाच्या पोस्टरवर किंवा अन्य प्रसिद्धी-साहित्यात तंबाखूजन्य पदार्थ अथवा त्यांचा वापर दाखवता येत नाही. चित्रपटात धूम्रपानाच्या दृश्यावर सूचना टाकून जे चालते ते पोस्टरवर चालत नाही. म्हणून नायकाच्या बोटांत सिगारेट असलेला फोटो निवडीच्या वेळीच बाजूला काढावा. सिगारेट पुसून टाकली तरी रिकाम्या बोटांची ठेवण लपत नाही. राष्ट्रध्वज, राजमुद्रा, पोलिसांच्या किंवा लष्कराच्या गणवेशावरील चिन्हे दिसत असतील तर निर्मात्याच्या वकिलाचा अभिप्राय लेखी घ्यावा. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला प्रतिबंध करणारा १९८६ चा कायदा पोस्टरांनाही लागू आहे.

चित्रपटाला प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच्या जाहिरातींत आणि पोस्टरांवर त्याचा वर्ग दाखवावा लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. जुन्या पोस्टरच्या फाइलमधून नुसते ‘यूए’ उचलून चिकटवण्याची सवय आता सोडावी. प्रमाणपत्र यायचे असेल तर त्याची जागा मोकळी सोडावी आणि स्वतःच्या अंदाजाने वर्ग छापू नये.

टप्पा ४ : फोटो मोजून घ्या

पडद्यावर फोटो चांगला दिसणे आणि तो छपाईला पुरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३० × ४० इंचांचे पोस्टर ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) करायचे तर ९००० × १२००० पिक्सेल लागतात. २०० डीपीआयने केले तर ६००० × ८००० पिक्सेल पुरतात, आणि चार-पाच फुटांवरून पाहायच्या पोस्टरला तेवढे चालते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा उभा फोटो ४००० × ६००० पिक्सेलचा असतो. तो पूर्ण रुंदीला पसरला तर साधारण १३३ डीपीआय मिळतात, म्हणजे चेहरा मुख्य जागी नसेल तर काम निभावते. परंतु सेटवरच्या समूहफोटोतून कापलेला चेहरा १००० पिक्सेल रुंदीचा असेल आणि तो २० इंचांवर मांडला, तर हाती ५० डीपीआय उरतात. त्वचेचा पोत नाहीसा होतो आणि चेहरा मेणासारखा दिसू लागतो.

‘फिल्ममधूनच फ्रेम काढून घ्या’ हा सल्ला निर्मात्याकडून हमखास येतो. फोर-के फ्रेमची उंची २१६० पिक्सेल असते, म्हणजे ४० इंचांवर ती ५४ डीपीआय देते. शिवाय सेकंदाला २४ फ्रेम या वेगाच्या चित्रीकरणात प्रत्येक फ्रेमचा उद्भासनकाल (एक्स्पोजरचा वेळ) सामान्यतः १/४८ सेकंद असतो. त्यामुळे जरा हललेला हातही धुरकट येतो. ट्रेलरमध्ये जे जाणवत नाही ते छापील कागदावर स्पष्ट दिसते. म्हणून पोस्टरसाठी स्वतंत्र फोटोसेशन मागावे, आणि ते शक्य नसेल तर शूटिंगच्या काळातच स्थिरछायाचित्रकाराला प्रत्येक प्रमुख कलाकाराची समोरची, तीन-चतुर्थांश आणि पूर्णाकृती छायाचित्रे काढून ठेवायला सांगावे.

फोटोसेशनच्या वेळी एक गोष्ट आग्रहाने सांभाळावी. कलाकार वेगवेगळ्या दिवशी आले तरी मुख्य प्रकाशाची दिशा एकच हवी. नंतर जोडलेले चेहरे ‘चिकटवल्यासारखे’ का वाटतात, याचे उत्तर बहुतेक वेळा डोळ्यांत सापडते. एकाच्या बुबुळातला प्रकाशाचा ठिपका डावीकडे वर आणि शेजारच्याचा उजवीकडे असला, तर कितीही कलर करेक्शन केले तरी ती दोन माणसे एका जागी उभी असल्याचे कोणाला पटत नाही. हनुवटीखालची सावली हा दुसरा पुरावा. एकाच्या गळ्यावर ती धारदार आणि दुसऱ्याच्या गळ्यावर विरलेली असेल, तर ते दोन फोटो एकत्र वापरू नयेत.

तपासणी : निवडलेल्या प्रत्येक फोटोपुढे त्याचा अंतिम छापील आकार आणि त्या आकाराला मिळणारे डीपीआय लिहा. १५० च्या खाली गेलेला चेहरा मुख्य जागी ठेवू नका.

टप्पा ५ : पेन्सिलची लहान रेखाटने

आता आकारांची यादी, गोठवलेला मजकूर आणि मोजलेले फोटो हातात आहेत. संगणकापासून दूर बसून प्रत्येक कल्पना काडेपेटीएवढ्या चौकटीत काढावी, आणि तीही एकदा उभी व एकदा आडवी. जी कल्पना फक्त उभ्या चौकटीतच जमते ती इथेच रद्द करावी. श्रेयपट्टी आणि बोधचिन्हे यांसाठी तळाचा सुमारे पाचवा हिस्सा रेषांनी भरून टाकावा, म्हणजे खरोखर किती जागा शिल्लक आहे ते कळते. निर्मात्याला दाखवण्यासाठी दोन, फार तर तीन कल्पना न्याव्यात. सात-आठ नेल्या की ‘याचे डोके, त्याची पार्श्वभूमी आणि तिसऱ्याचे शीर्षक’ अशी फर्माईश ठरलेलीच.

टप्पा ६ : मुख्य चित्र थरांत बांधा

मुख्य चित्राला धंद्यात ‘की आर्ट’ म्हणतात. प्रत्येक कलाकार, पार्श्वभूमी, धूर-धूळ, प्रकाशाचे परिणाम आणि शीर्षक हे सर्व वेगवेगळ्या थरांत ठेवावे, आणि प्रत्येक आकृती जेवढी फोटोत आहे तेवढी पूर्ण कापून घ्यावी. पोस्टरमध्ये नायक कमरेपर्यंतच दिसतो म्हणून खालचा भाग खोडून टाकला, तर स्टँडीसाठी पाय कुठून आणणार? पार्श्वभूमी मुख्य पोस्टरच्या दोन्ही बाजूंना निदान त्याच्या रुंदीइतकी पसरवून ठेवावी. फाइल जड होते हे खरे. ९००० × १२००० पिक्सेलचा एकच सपाट थर सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) सुमारे ४३२ एमबी भरतो. म्हणूनच सुरुवातीपासून २०० डीपीआयवर काम करणे शहाणपणाचे ठरते.

चेहरे बदलणे, एकाच्या धडावर त्याचाच दुसऱ्या फोटोतला चेहरा बसवणे हे या धंद्यात रोजचे आहे. ते करताना डोक्याचा आकार खांद्यांच्या मानाने तपासावा, मानेचा रंग छातीच्या रंगाशी जुळवावा आणि शेवटी हात मोजावेत. गर्दीच्या पोस्टरमध्ये कोणाचाच नसलेला हात राहून जातो, आणि तो सर्वांत आधी प्रेक्षकाला दिसतो.

सध्या जुन्या हाताने रंगवलेल्या पोस्टरांची नक्कल करायची मागणी वाढली आहे आणि ती बहुधा एका फिल्टरवर भागवली जाते. दिवाकर करकरे यांच्यासारख्या चित्रकारांच्या कामातला सुरीने दिलेला रंग पाहिला तर लक्षात येते की प्रत्येक फटकारा गालाच्या, कपाळाच्या, जबड्याच्या वळणाबरोबर फिरतो आणि जिथे प्रकाश बदलतो तिथेच रंग बदलतो. फिल्टरचे फटकारे मात्र चेहरा, शर्ट आणि आकाश यांवरून एकाच दिशेने जातात. ती शैली हवीच असेल तर चेहरे तरी चित्रकाराकडून रंगवून घ्यावेत आणि त्या खर्चाची तरतूद पहिल्या बैठकीतच करून घ्यावी.

इशारा : सपाट केलेली जेपीईजी प्रत मंजुरीसाठी पाठवल्यावर कोणीतरी तीच छपाईला पाठवतो. मंजुरीच्या प्रतीवर आडवा फिकट मजकूर टाका आणि ती लहान आकारात पाठवा.

टप्पा ७ : शीर्षक आणि लिप्या

शीर्षकाचे अक्षरांकन तयार फाँटमध्ये टाइप करून संपत नाही. निदान जोडाक्षरे आणि मात्रा हाताने सुधाराव्या लागतात. पूर्वी हिंदी पोस्टरवर देवनागरी, रोमन आणि उर्दू अशा तिन्ही लिप्यांत शीर्षक असे. आज रोमन लिपी पुढे असली तरी हिंदी वृत्तपत्रांसाठी आणि एकपडदा चित्रपटगृहांसाठी देवनागरी प्रत मागितली जाते, आणि मराठी डिझायनर नेमका इथे अडखळतो, कारण लिपी ओळखीची असल्यामुळे तपासण्याची गरज त्याला वाटत नाही.

हिंदीत तत्सम शब्दांच्या शेवटचा इकार ऱ्हस्व लिहितात. आपण ‘ध्वनी’, ‘शक्ती’ लिहितो, तिथे ‘ध्वनि’, ‘शक्ति’ हवे. श्रेयपट्टीत ‘दिग्दर्शक’च्या जागी ‘निर्देशक’, ‘संकलन’च्या जागी ‘संपादन’ आणि ‘वेषभूषा’च्या जागी ‘वेशभूषा’ येते. नुक्त्याबाबत (अक्षराखालच्या ठिपक्याबाबत) दोन्ही बाजूंनी चुका होतात. ‘ज़मीन’ आणि ‘इज़्ज़त’ यांतला नुक्ता गळतो, आणि उलट ‘फिर’, ‘फूल’, ‘जान’ यांना नसलेला नुक्ता चिकटवला जातो. काही फाँटमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवली की ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, त्यामुळे हिंदी मजकुराला सॉफ्टवेअरमध्ये हिंदी हीच भाषा निवडावी. या सर्व तपासणीसाठी हिंदीच्या मुद्रितशोधकाला पैसे द्यावेत. ‘मला हिंदी येते’ हे पुरेसे कारण नाही.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलतो. तो युनिकोडमध्ये रूपांतरित केल्यावर रफार, र्‍हस्व इकार आणि नुक्ते हमखास सरकतात, म्हणून रूपांतरानंतर पुन्हा पूर्ण वाचन करावे. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात.

उर्दू शीर्षक घ्यायचे असेल तर ते उर्दू लिहिता-वाचता येणाऱ्या लेखनकाराकडून चित्ररूपात तयार करून घ्यावे. सोय नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केलेला उर्दू मजकूर उलट क्रमाने येतो आणि अक्षरांची जोडणी तुटते. ज्याला वाचता येत नाही त्याला ते शोभिवंतच दिसते, म्हणूनच ते छापून जाते. मांडणीत ठेवल्यानंतर त्याच माणसाला पुन्हा दाखवावे.

खालच्या श्रेयपट्टीत रोमन अक्षरे उंच आणि अरुंद करून चालतात, पण देवनागरी तशी चेपू नये. वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळींमध्ये जास्त जागा लागते, आणि आडवी दाबलेली अक्षरे लहान आकारात ‘ध’ की ‘घ’ ते कळू देत नाहीत. नावे मावत नसतील तर ओळ वाढवावी.

तपासणी : मजकूर अंतिम झाल्याची सही आल्यावरच अक्षरांच्या आउटलाइन करा (म्हणजे अक्षरे आकारांत बदला) आणि टाइप केलेली मूळ प्रत वेगळी जपून ठेवा.

टप्पा ८ : प्रत्येक आकार नव्याने मांडा

होर्डिंगवर मुख्य पोस्टरमधले सर्व काही आणायचा हट्ट धरू नये. धावत्या गाडीतून चेहरा, शीर्षक आणि तारीख एवढेच वाचले जाते. अंतराचा साधा ठोकताळा असा की दर दहा फुटांच्या अंतराला निदान एक इंच उंचीचे अक्षर हवे. दोनशे फुटांवरून वाचायच्या तारखेची उंची त्यामुळे २० इंचांच्या खाली नेऊ नये. करारानुसार आवश्यक असलेली नावे मात्र होर्डिंगवरही यावी लागतात. ती कोणती, हे दुसऱ्या टप्प्यातल्या तक्त्यावरून ठरवावे.

४० × २० फुटांची फाइल प्रत्यक्ष आकारात करण्याची गरज नसते. ती दशांश प्रमाणात, म्हणजे ४८ × २४ इंचांत ३०० डीपीआयने करावी. पूर्ण आकारात ती ३० डीपीआय होते आणि दुरून पाहण्याला तेवढी पुरते. प्रमाण किती धरले आहे ते फाइलच्या नावातच लिहावे.

स्टँडी अरुंद असते म्हणून चित्र उभे ताणणे हा अक्षम्य प्रकार आहे आणि तो अजूनही लॉब्यांमध्ये दिसतो. थर जपले असतील तर आकृत्या एकमेकींच्या मागे सरकवून किंवा एखादी गाळून मांडणी बसते. स्टँडीचा तळाचा भाग गर्दीत झाकला जातो, त्यामुळे तारीख आणि शीर्षक कमरेच्या वर ठेवावे.

वृत्तपत्रातील जाहिरातीसाठी वेगळी प्रत लागते. वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो, ठिपके पसरतात आणि गडद भाग भरून जातात. त्यासाठी चारही शाईंची एकत्रित टक्केवारी साधारण २४० च्या आत आणावी, सावल्या उजळ कराव्यात आणि काळ्या पार्श्वभूमीवरचा बारीक पांढरा मजकूर टाळावा. जागा कॉलम सेंटिमीटरमध्ये विकली जाते आणि कॉलमची रुंदी प्रत्येक वृत्तपत्राची वेगळी असते, म्हणून एकाची फाइल दुसऱ्याला पाठवू नये.

टप्पा ९ : रंग, प्रूफ आणि छपाई

पडद्यावरचा झगझगीत निळा आणि नारिंगी रंग चार शाईंत उतरत नाही. सीएमवायके रूपांतर शेवटच्या दिवशी न करता निर्मात्याच्या मंजुरीपूर्वीच करून दाखवावे, नाहीतर छापील प्रत पाहून ‘रंग मेले’ अशी तक्रार येते. रूपांतरासाठीचे रंगांचे प्रोफाइल (रूपांतर कसे करायचे ते सांगणारी फाइल) छापखान्याकडून मागावे. आर्ट पेपरवर एकूण शाई ३०० टक्क्यांच्या आसपास मर्यादित ठेवावी, नाहीतर शाई वाळत नाही आणि एका तावाची छाप दुसऱ्याच्या पाठीवर उमटते.

भारतीय त्वचेचे रंग आकड्यांवर तपासावेत. यलो (पिवळी शाई) हा मॅजेंटाइतका (किरमिजी शाईइतका) किंवा थोडा अधिक, आणि सायन (निळसर शाई) मॅजेंटाच्या साधारण एक तृतीयांश असेल तर चेहरा नैसर्गिक राहतो. मॅजेंटा वर गेला की चेहरा भाजल्यासारखा लाल दिसतो. गोरेपणासाठी सायन पूर्ण काढून टाकला तर नाक आणि गाल एकाच पातळीवर येतात.

बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत आणि ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापलेला) ठेवावा. चार शाईंच्या काळ्यात बसवलेली देवनागरीची शिरोरेषा, प्लेटा केसभर सरकल्या तरी, रंगीत कडांची दिसू लागते. ब्लीड निदान ३ मिलिमीटर ठेवावे, मोठ्या पोस्टरला ५. मजकूर कापाच्या रेषेपासून अर्धा इंच आत असावा.

कागद वापरानुसार निवडावा. भिंतीवर किंवा फळ्यावर खळीने चिकटवायच्या पोस्टरला ७० ते ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) साधा, न चकाकणारा कागद लागतो. जाड आर्ट पेपर खळ पीत नाही आणि कोपऱ्यांतून सुटतो. लॉबीतल्या चौकटीत लावायच्या प्रतीसाठी १३० ते १७० जीएसएमचा आर्ट पेपर योग्य असतो. मागून दिवा असलेल्या पेटीसाठी स्वतंत्र माध्यम आणि अधिक घट्ट रंगांची वेगळी फाइल लागते. भिंतींवर विनापरवाना पोस्टर लावणे महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे प्रतींची संख्या परवानगी असलेल्या जागांवरून ठरवावी.

प्रूफ (छपाईआधीची तपासणी-प्रत) छपाईच्याच कागदावर किंवा त्याच्या जवळच्या कागदावर काढून घ्यावे आणि ५००० केल्विनच्या प्रकाशात, नाहीतर दिवसाउजेडी सावलीत पाहावे. ट्यूबलाइटखाली रंगाचा निर्णय देऊ नये. प्रूफ वाचताना मजकूर आणि चित्र एकाच वेळी तपासू नये. आधी फक्त नावे, तक्त्यावर बोट ठेवून वाचावीत, मग तारीख आणि वार कॅलेंडरशी ताडून पाहावेत, मग बोधचिन्हे मोजावीत आणि शेवटी चित्राकडे वळावे. यंत्र सुरू होताना डिझायनरने स्वतः हजर राहावे. रंग जुळल्यावर एका तावावर सही करून तो यंत्रचालकाकडे ठेवावा आणि एक स्वतःकडे घ्यावा. पुढे वाद झाला तर हाच ताव दाखवता येतो.

टप्पा १० : फाइली सोपवणे

छापखान्याला पीडीएफ-एक्स (छपाईसाठीच्या प्रमाणित पीडीएफ) प्रत, एजन्सीला आकारानुसार स्वतंत्र फाइली आणि निर्मात्याला थर असलेली मूळ प्रत द्यावी, अर्थात मूळ प्रत देण्याचे करारात ठरले असेल तरच. ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘फायनल नवा खरा’ अशी नावे देऊ नयेत. चित्रपट, आकार, भाषा, तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक एवढे नावात असावे. प्रदर्शनाची तारीख पुढे गेली किंवा प्रमाणपत्राचा वर्ग बदलला, तर ज्या-ज्या फाइलींत ती नोंद आहे त्यांची यादी काढून सर्व एकाच वेळी बदलाव्यात आणि जुन्या फाइली रद्द झाल्याचे छापखाना व प्रत्येक एजन्सीला त्याच दिवशी ईमेलने कळवून त्यांची पोच घ्यावी.